रंगवलेल्या कोठ्या आणि त्यांच्या आसपासची गावे : विमेरा-मॅलीचा सायलो मार्ग

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्येस विमेरा आणि मॅली हे गव्हाचे दोन प्रदेश एकमेकांना लागून आहेत. तेथील सहा लहान गावांतल्या धान्यकोठ्यांवर चित्रकारांनी अनेक मजली इमारतींएवढी उंच माणसे रंगवली असून, दक्षिणेकडच्या रुपन्यपपासून उत्तरेकडच्या पॅचवॉलकपर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा हा रस्ता ‘सायलो आर्ट ट्रेल’ या नावाने पर्यटकांपुढे ठेवण्यात आला आहे. त्याला तिकीट नाही, फाटक नाही आणि ठरावीक वेळही नाही. कोठ्या रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत आणि ज्याला पाहायच्या त्याने गाडी थांबवून पाहाव्यात. त्यामुळे येथे पैसे वसूल झाले की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. मेलबर्नहून जवळजवळ चार तास गाडी चालवून त्या सपाट मुलखात एक-दोन रात्री काढाव्यात इतके तेथे आहे का, एवढेच तपासायचे उरते. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या चित्रांसाठी लोक घरून निघतात ती चित्रे या होकाराचा निम्माच भाग आहेत, आणि उरलेल्या निम्म्या भागाची दखल या मार्गाचा नकाशा फारच कमी घेतो, ही माझी मुख्य तक्रार आहे.

प्रथम या कोठ्यांविषयी, कारण त्या तेथे का उभ्या आहेत हे ठाऊक नसेल तर चित्रेही अर्धवटच कळतात. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत या भागातला गहू पोत्यांत भरून रेल्वे स्थानकांवर थप्प्या लावून ठेवला जाई. एका पोत्यात तीन बुशेल, म्हणजे साधारण ८० किलो गहू मावत असे आणि ती तागाची पोती कोलकात्याच्या गिरण्यांतून जहाजांनी येत असत. व्हिक्टोरिया सरकारने १९३४ मध्ये धान्य साठवणुकीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले आणि १९३८-३९ च्या सुमारास रेल्वेमार्गालगत गावोगावी काँक्रीटच्या गोल कोठ्या उभ्या राहू लागल्या. गहू पोत्याविना सुटाच येऊ लागला, यंत्राने वर चढवला जाऊ लागला आणि खाली उभ्या रेल्वेच्या वाघिणीत आपोआप ओतला जाऊ लागला. पुढे ट्रक मोठे झाले, शेतेही मोठी झाली, धान्य थोड्याच पण प्रचंड केंद्रांवर गोळा होऊ लागले आणि लहान गावांतल्या अनेक कोठ्या निरुपयोगी ठरल्या. त्या पाडणे खर्चाचे होते, म्हणून त्या तशाच राहिल्या. आज आपण ज्यांच्यासमोर उभे राहून छायाचित्रे काढतो त्या भिंती मुळात या माघारीच्या खुणा आहेत.

ब्रिम हे या सगळ्याचे मूळ. शंभराच्या आसपास वस्तीच्या या गावात २०१५ च्या डिसेंबरमध्ये गिडो व्हॅन हेल्टन या ब्रिस्बेनच्या चित्रकाराने १९३९ साली बांधलेल्या कोठ्यांवर काम सुरू केले आणि भर उन्हाळ्यात पाळण्यावर लोंबकळत २०१६ च्या जानेवारीच्या आरंभी ते पूर्ण केले. त्या वेळी कोणताही ‘मार्ग’ योजलेला नव्हता. एका गावाने एक चित्र करवून घेतले, ते पाहायला अनपेक्षित गर्दी लोटली आणि त्यानंतर इतर गावांचा विचार झाला. चित्रात तीन शेतकरी पुरुष आणि एक शेतकरी स्त्री आहे. त्यांची नावे दिलेली नाहीत. रंग काँक्रीटच्या राखाडी-पिवळट छटेत इतके मिसळलेले आहेत की ही माणसे भिंतीवर काढलेली नसून भिंतीतून हळूहळू वर आली असावीत, असा भास दुरून होतो. चेहऱ्यांवर हसू नाही आणि पाहणाऱ्याकडे कोणी आपुलकीने पाहतही नाही. ज्यांनी अवर्षणाची वर्षे काढली आहेत अशांच्या चेहऱ्यावर येणारा, काहीसा आकसलेला भाव चित्रकाराने नेमका पकडला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला तो ओळखू येण्यासाठी कोणी समजावून सांगावे लागत नाही. सहा चित्रांत मला हे सर्वांत श्रेष्ठ वाटते, आणि वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर तो येथे द्यावा.

शीप हिल्सचे चित्र याच्या अगदी उलट प्रकृतीचे आहे. गाव असे तेथे फारसे उरलेले नाही. १९३८ च्या कोठ्या, रूळ आणि आजूबाजूला शेते एवढेच दिसते. त्या कोठ्यांवर मेलबर्नच्या अ‍ॅडनेट या चित्रकाराने २०१६ मध्ये या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी दोन ज्येष्ठ आणि दोन मुले गडद निळ्या तारांकित आकाशाच्या पार्श्वभूमीवर रंगवली आहेत. हे आकाश शोभेसाठी घातलेले नाही. येथून उत्तरेला टिरेल सरोवराकाठी राहणाऱ्या बूरोंग लोकांचे ताऱ्यांविषयीचे ज्ञान विल्यम स्टॅनब्रिज या गोऱ्या वसाहतकाराने त्यांच्याकडून ऐकून १८५७ मध्ये मेलबर्नच्या विद्वत्सभेपुढे मांडले होते. कोणता तारा केव्हा उगवला म्हणजे कोणती अंडी, कोणत्या अळ्या मिळतील याचे ते पंचांगच होते. गव्हाच्या या सगळ्या कथेत ज्यांची जमीन गेली त्यांचा उल्लेख इतर पाच चित्रांत नाही, म्हणून शीप हिल्स चुकवू नये. शक्य असल्यास अंधार पडल्यावरही थोडा वेळ तेथे थांबावे, कारण शहरात राहणाऱ्यांनी असे आकाश सहसा पाहिलेले नसते.

उरलेल्या चारांविषयी थोडक्यात. रुपन्यप येथे जूलिया वोल्चकोवा या रशियन चित्रकर्तीने २०१७ मध्ये गावातला एक तरुण आणि एक तरुणी त्यांच्या खेळाच्या गणवेशात रंगवली. येथे काँक्रीट नसून पत्र्याच्या बुटक्या कोठ्या आहेत. त्यामुळे उंचीचा परिणाम साधत नाही आणि पत्र्याच्या आडव्या पन्हळींमुळे चेहरे जवळून तुटक दिसतात. पण रस्त्याच्या पलीकडून, तिरप्या उन्हात, तेच चित्र चांगले उठते. रोझबरीचे कॅफीन या चित्रकर्तीचे काम, एका कोठीवर तरुण मेंढपाळ स्त्री आणि दुसरीवर घोडा व घोडेस्वार, मनमोकळे आहे. परंतु ते पाहताना एखाद्या चांगल्या जाहिरातीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. लॅसेल्सला रोन या चित्रकाराने पिढ्यान्‌पिढ्या तेथेच शेती करणारे एक वृद्ध दांपत्य रंगवताना रंगात पाणी मिसळून तो इतका पातळ केला आहे की जुन्या भिंतीचे डाग त्यातून दिसत राहतात. ब्रिमच्या खालोखाल मला हेच आवडते. पॅचवॉलकच्या दोन जोडकोठ्यांवर फिंटन मगी याने गावातलाच एक किडकिडीत, उंच शेतकरी काढला आहे. नमुना शोधत असताना चित्रकार गावातल्या पबमध्ये राहिला होता आणि त्या अरुंद भिंतीवर मावेल असा माणूस त्याला तेथेच भेटला, अशी त्याची हकीकत सांगितली जाते. चित्र उत्तम आहे, पण ते एकटे टोकाला पडले आहे. तेथवर जाऊन परत यायला लागणारा वेळ लक्षात घेता ज्यांची सुट्टी अपुरी आहे त्यांनी पॅचवॉलक वगळले तरी चालेल.

आता त्या दुसऱ्या निम्म्या भागाकडे वळतो. रुपन्यपच्या पश्चिमेस, अर्ध्या तासाहून कमी अंतरावर मर्टोआ हे गाव आहे. त्याच्या कडेला ‘स्टिक शेड’ नावाची एक वास्तू आहे, जी पाहण्यासाठी मी हा सगळा प्रवास चित्रांविनाही आनंदाने पुन्हा करीन. दुसऱ्या महायुद्धात जहाजे मिळेनाशी झाली, गव्हाची निर्यात खोळंबली आणि पीक मात्र येतच राहिले. साठवायला जागा नव्हती व लोखंड युद्धाकडे वळलेले होते. तेव्हा १९४१ च्या सप्टेंबरपासून अवघ्या चार-पाच महिन्यांत ५६० अखंड ओंडके, रंधा न मारता, केवळ साल काढून, काँक्रीटच्या जमिनीत उभे करण्यात आले आणि त्यांवर पत्र्याचे छप्पर चढवून सुमारे २८० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि मध्यभागी १९ मीटर उंच असे कोठार तयार झाले. त्यात ९० हजार टनांहून अधिक गहू सुटा मावत असे. छपराच्या आढ्याखालून धावणाऱ्या पट्ट्यावरून तो खाली ओतला जाई, आणि ओतलेल्या धान्याची रास आपोआप जो उतार धरते त्याच उतारावर छप्पर बेतलेले आहे. हे कळल्यावर इमारतीचा आकार कोणी सौंदर्यासाठी निवडलेला नसून गव्हानेच ठरवला आहे हे लक्षात येते, आणि तरीही तिच्या आत पाऊल टाकताना आपण आवाज खाली आणतो. ओंडक्यांच्या रांगा दृष्टी पोहोचेल तिथपर्यंत जातात, छपरातून पडणारा मंद प्रकाश जमिनीवर पट्टे उमटवतो आणि वाऱ्याने पत्रा करकरतो. याहून मोठे असे दुसरे कोठार शेजारीच होते. ते १९७५ मध्ये पाडले गेले. हे वाचले आणि २०१४ मध्ये त्याचा समावेश राष्ट्रीय वारसा यादीत झाला. व्यवस्था स्थानिक स्वयंसेवकांच्या हाती असून प्रवेशासाठी माफक शुल्क आहे. उघडण्याच्या वेळा मर्यादित असल्याने त्या आधी पाहून मगच दिवसाची आखणी करावी. माहिती देणारी वृद्ध मंडळी पाठ केलेले भाषण देत नाहीत. आपण प्रश्न विचारला की त्यांची कळी खुलते, आणि मग तासभर कसा गेला ते समजत नाही. पाट्या मात्र त्रोटक आहेत आणि त्यांवरून हे कोठार कसे भरले व रिकामे केले जाई याची कल्पना नवख्याला येणे कठीण आहे. वास्तूच्या मानाने ही उणीव मोठी आहे.

या मुलखात कोणत्या महिन्यात जावे यावर अनुभवाचा निम्मा रंग अवलंबून असतो, आणि येथे आपल्याकडच्या हिशेबाची उलटापालट करावी लागते. महाराष्ट्रात गहू दिवाळीच्या सुमारास पेरला जाऊन होळीच्या आसपास काढणीला येतो. विमेरात तो एप्रिलच्या अखेरीपासून पेरतात, हिवाळ्याच्या पावसावर वाढवतात आणि आपण दिवाळीचा फराळ संपवतो तेव्हा तेथे सुगी सुरू होते, ती नाताळपर्यंत आणि कधीकधी त्याही पुढे चालते. सिंचन नाही. वर्षाला साधारण ३५० ते ४०० मिलिमीटर पावसात, तोही बेभरवशाचा, हे पीक उभे राहते. अशा कोरड्या भागात गहू टिकवण्यासाठी विल्यम फॅरर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे संकर केले त्यांत लवकर पिकणारे भारतीय गहू वापरले होते. त्यांच्या १९०१ च्या सुमारास आलेल्या ‘फेडरेशन’ या वाणाच्या वंशावळीत इटावा नावाचा भारतीय गहू आहे आणि हे वाण पुढे अनेक वर्षे ऑस्ट्रेलियात सर्वाधिक पेरले जात होते. सप्टेंबरच्या अखेरीस गेल्यास गहू हिरवा, कॅनोला (मोहरीच्या जातीचे तेलबियांचे पीक) पिवळाधमक आणि हवा थंड अशी त्रिवेणी साधते, म्हणून सहकुटुंब जाणाऱ्यांना मी तेच दिवस सुचवीन. नोव्हेंबरच्या अखेरीस पीक सोनेरी होते आणि रात्री उशिरापर्यंत शेतांत यंत्रांचे दिवे फिरताना दिसतात. हे दृश्य विलक्षण आहे, परंतु त्या दिवसांत गावांना पाहुण्यांसाठी फुरसत नसते, रस्त्यांवर धान्याच्या लांबलचक ट्रकांची रीघ असते आणि माश्या चेहऱ्यावरून हटत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत तापमान चाळिशी ओलांडते. त्या महिन्यांत मुले व वृद्ध यांना घेऊन जाऊ नये.

गव्हाचा प्रदेश म्हटले तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केवळ गहू नसतो. जव, कॅनोला आणि मोठ्या प्रमाणावर मसूर व हरभरा येथे पिकतो, आणि या कडधान्यांचे मोठे गिऱ्हाईक आपण आहोत. भारताने २०१७ च्या डिसेंबरमध्ये हरभरा व मसूर यांवर ३० टक्के आयात शुल्क लावले आणि काही महिन्यांत हरभऱ्यावरचे शुल्क ६० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्याचा फटका थेट या गावांना बसला. मे २०२४ मध्ये हरभऱ्यावरचे शुल्क उठले तेव्हा येथे पुन्हा पेरणीचे गणित बदलले. पबमध्ये आमचे चेहरे पाहून शेजारच्या टेबलावरच्या शेतकऱ्यांनी हवापाण्याच्या चौकशीनंतर लगेच दिल्लीच्या धोरणांकडे मोर्चा वळवला. महाराष्ट्रातल्या हरभरा उत्पादकाला आयातीची भीती वाटते आणि येथल्या उत्पादकाला आयातबंदीची; दोघांचे म्हणणे एकाच टेबलावर ऐकायला मिळाले तर मजा येईल, असे मला त्या वेळी वाटले. असे संभाषण घडावे यासाठी मार्गाच्या माहितीपत्रकात एक ओळही नाही, शेतावर नेऊन पेरणी किंवा मळणी दाखवणारी सोयही आम्हाला आढळली नाही.

गावांपैकी मुक्कामासाठी वॉरॅकनाबील सोयीचे आहे. रुंद रस्ते, लोखंडी नक्षीच्या गॅलऱ्या असलेली जुनी हॉटेले, यारियांबियाक ओढ्याकाठचे गर्द झाड असा त्याचा थाट अजून टिकून आहे. गायक निक केव्ह याचा जन्म १९५७ मध्ये याच गावात झाला. गावाबाहेर शेतीच्या यंत्रांचे संग्रहालय आहे. पत्र्याच्या शेडमध्ये ओळीने मांडलेली जुनी यंत्रे आणि भोवती पडलेले सुटे भाग यांमुळे ते प्रथमदर्शनी भंगाराच्या दुकानासारखे वाटते, पण शेतीशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याचा पाय तेथून निघत नाही. मेलबर्नच्या पश्चिमेकडे ‘सनशाइन’ हे उपनगर आहे, जेथून अनेक भारतीय रोज येजा करतात. ह्यू मके यांच्या त्याच नावाच्या कापणी-मळणी यंत्राच्या कारखान्यावरून १९०७ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले, हे ठाऊक असेल तर संग्रहालयातली रंग उडालेली यंत्रे अधिक जवळची वाटू लागतात. मिन्यिप, ब्यूला या गावांतून गाडी हळू न्यावी. बंद दुकानांच्या काचा, पहिल्या महायुद्धात गेलेल्या तरुणांची नावे कोरलेले स्मारक आणि गावाच्या आकाराला न शोभेल इतके मोठे सभागृह असे चित्र पुन्हा पुन्हा दिसते. शेते मोठी होत गेली, माणसे कमी लागू लागली, शाळा व बँका गेल्या. शेवटी जे टिकते ते फुटबॉल आणि नेटबॉलचे मैदान, तेही शेजारच्या गावाशी क्लब जोडून. मिन्यिप आणि मर्टोआ यांचा क्लब असाच एकत्र झालेला आहे. रुपन्यपच्या कोठीवर खेळाडूच का रंगवले असतील याचे उत्तर हिवाळ्यातल्या एखाद्या शनिवारी मैदानावर गेल्यास मिळते, आणि पाहुण्याला तेथे कोणी परका मानत नाही.

पुढे उत्तरेला होपटन येथे लॅसेल्स नावाचे तळे आहे (लॅसेल्स हे गाव निराळे, हे ध्यानात ठेवावे, कारण नकाशा पाहताना गोंधळ होतो). या कोरड्या प्रदेशात काठोकाठ पाणी कसे, असा प्रश्न पडतो. पूर्वी दक्षिणेच्या डोंगरांतले पाणी सुमारे १७,५०० किलोमीटर लांबीच्या उघड्या मातीच्या पाटांतून येथवर येई आणि त्यातले बहुतेक जिरून किंवा आटून जाई. २०१० मध्ये पूर्ण झालेल्या जलवाहिनीने ते पाट बंद केले आणि वाचलेल्या पाण्यातून गावोगावची तळी पुन्हा भरू लागली. होपटनच्या तळ्याकाठी मुक्कामाची सोय साधी, स्वच्छ आणि शहराच्या मानाने स्वस्त आहे, आणि ब्रिमच्या बंधाऱ्यालगतही तंबू किंवा कॅराव्हॅन लावता येते. ज्यांना जमेल त्यांनी मोटेलऐवजी हेच निवडावे. आम्ही एका गावातल्या मोटेलमध्येही राहिलो. खोली नीटनेटकी होती, परंतु आरक्षण फोनवर निश्चित होऊनही रात्री आठनंतर पोहोचल्यावर किल्ली देण्यास कोणी नव्हते आणि शेजारच्या पेट्रोल पंपावर चौकशी करून ती मिळवावी लागली. उशीर होणार असल्यास दुपारीच कळवणे शहाणपणाचे.

जेवणाचा विचार मात्र घरून निघतानाच करावा. पबचे स्वयंपाकघर संध्याकाळी सहाला उघडते व आठच्या आसपास बंद होते, आणि आठवड्याच्या आरंभीचे एक-दोन दिवस ते पूर्णच बंद असू शकते. मांसाहार करणाऱ्यांची चंगळ आहे. चिकन पार्मा (टोमॅटोचा रस्सा व चीज घातलेला कोंबडीचा तळलेला काप) ताटाबाहेर येईल एवढा मिळतो आणि येथले कोकराचे मांस चवीला उत्तम असते. शाकाहारी माणसाच्या वाट्याला बहुधा बटाट्याच्या काचऱ्या, चीजचे भाजलेले सँडविच आणि उकडलेल्या भाज्या येतात, आणि काचऱ्या कोणत्या चरबीत तळल्या आहेत हे विचारून घ्यावे लागते. विचारले तर सरळ उत्तर मिळते, कोणी नाक मुरडत नाही. बेकऱ्या हा या गावांचा खरा गौरव आहे. पफ पेस्ट्रीच्या दोन थरांमध्ये घट्ट कस्टर्ड भरलेला व्हॅनिला स्लाइस प्रत्येक गावात थोडा निराळा लागतो आणि कोणाचा चांगला यावर येथले लोक गंभीरपणे वाद घालतात. शनिवारी दुपारनंतर मात्र बेकरीचेही दार बंद झालेले असू शकते. आम्ही दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे बरोबर ठेवले होते. त्यामुळे दोन वेळा निभावल्या, आणि गव्हाच्या शेताकडेला, पबची वेळ न पाळता, पोट भरता आले.

रात्रीच्या मुक्कामासाठी हॉर्शम हे मोठे गाव सोडू नका असे मी सांगीन, त्याचे कारण क्रिकेट आहे. तेथल्या जुन्या पिठाच्या गिरणीच्या कोठीवर स्मग या चित्रकाराने २०२२ मध्ये यांगेंडियिनान्युक या मूळनिवासी वोत्जोबालुक समाजातल्या पुरुषाचे चित्र काढले. १८६४ मध्ये विमेराच्या जंगलात नऊ दिवस हरवलेली तीन मुले ज्या माग काढणाऱ्यांनी जिवंत शोधली त्यांपैकी हा एक; आणि १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन क्रिकेट संघात, जो इंग्रज कर्णधार वगळता मूळनिवासी खेळाडूंचा होता, तो ‘डिक-अ-डिक’ या नावाने खेळला. सामने संपल्यावर तो प्रेक्षकांना अंगावर चेंडू फेकायचे आव्हान देई आणि अरुंद ढालीने व दांडक्याने ते सगळे परतवी. त्या संघाने ४७ सामन्यांपैकी १४ जिंकले, १४ गमावले, १९ अनिर्णित राखले. संघातला सर्वोत्तम खेळाडू जॉनी मुल्ला हा याच प्रदेशाच्या दक्षिणेकडच्या हॅरो गावचा, आणि बॉक्सिंग डे कसोटीतल्या सर्वोत्तम खेळाडूला २०२० पासून त्याच्या नावाचे पदक दिले जाते. पहिले पदक मिळाले ते संगमनेर तालुक्यातल्या आश्वी गावाशी नाते असलेल्या अजिंक्य रहाणे याला, मेलबर्नच्या त्या शतकासाठी. हॅरोला मुल्लाविषयीचे छोटे संग्रहालय आहे. ते मुख्य मार्गापासून बरेच दूर असले तरी क्रिकेटवेड्या मुलांना घेऊन परतीचा रस्ता तिकडून काढण्यास हरकत नाही. हॉर्शमची कोठी सर्व सहा मूळ चित्रांच्या नंतरची असूनही कौशल्यात त्यांतल्या बहुतेकांना मागे टाकते, असे माझे मत आहे.

त्या सहानंतर आसपासच्या गावांनीही कोठ्या रंगवून घेतल्या आणि आता हा पसारा बराच वाढला आहे. नलाविलचा शेतकरी आणि त्याचा केल्पी जातीचा मेंढ्या हाकणारा कुत्रा (स्मग, २०१९) मन प्रसन्न करतो. सी लेक येथली झोपाळ्यावर बसून टिरेल सरोवराकडे पाहणारी मुलगीही पाहण्याजोगी आहे, विशेषतः त्याच फेरीत ते खाऱ्या पाण्याचे विस्तीर्ण सरोवर पाहायचे असेल तर. हिवाळ्यात त्याच्या तळाशी वीतभरही नसलेले पाणी साठते आणि वारा पडला की त्यात सगळे आभाळ उतरते. उन्हाळ्यात तेथे केवळ मिठाचा पांढरा थर असतो. परंतु दर नव्या कोठीबरोबर या मार्गाचा ठसा पातळ होत चालला आहे. कुत्रा, पक्षी, ट्रॅक्टर, आजोबा यांची आलटून पालटून पुनरावृत्ती सुरू झाली आहे आणि पुढच्या गावात काय दिसेल याचा अंदाज आधीच येऊ लागतो. त्या पैशातून आहेत त्याच गावांत बसायला सावली, स्वच्छ प्रसाधनगृह आणि या गव्हाची, पाण्याची, रेल्वेची माहिती देणारे दोन चांगले फलक उभारले असते तर प्रवासी गावात तासभर अधिक रेंगाळला असता व बेकरीत दोन पैसे अधिक खर्च झाले असते. ब्रिमसारख्या ठिकाणी थांबायची जागा आहे, शीप हिल्सला मात्र भर दुपारी झाडाचीही सावली मिळत नाही.

दोन रात्रींचा बेत आखणाऱ्यांनी पहिल्या दिवशी बॅलरॅट-स्टॉवेलमार्गे येऊन मर्टोआचे कोठार व रुपन्यप पाहावे आणि हॉर्शमला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी शीप हिल्स, वॉरॅकनाबील, ब्रिम, रोझबरी आणि होपटन असे निवांत जाऊन तळ्याकाठी राहावे. तिसऱ्या दिवशी लॅसेल्स पाहून सी लेक व नलाविलमार्गे मेलबर्नला परतावे. पेट्रोलची टाकी वॉरॅकनाबीलला भरून घ्यावी, पाणी प्रत्येकी तीन-चार लिटर जवळ असावे आणि गावाबाहेर मोबाइलची रेंज जाते म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. संध्याकाळी सूर्य कलल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा त्या वेळेआधी मुक्कामी पोहोचावे. कोठ्यांपैकी काही अजून वापरात आहेत. सुगीच्या दिवसांत तेथे ट्रकांच्या वाटेत गाडी उभी करू नये आणि कुंपण ओलांडून रुळांवर छायाचित्रांसाठी जाऊ नये. कडेच्या वाळल्या गवतात उन्हाळ्यात तपकिरी सापांचा वावर असतो, म्हणून मुलांच्या पायात बूट हवेतच.